आधी तारखा, मग विमान: अ‍ॅनिमेवेड्यांसाठी शरदातलं जपान

जपानला जायचं ठरलं की घरात पहिली चर्चा विमानाच्या तिकिटाची होते. अ‍ॅनिमे, मांगा (म्हणजे जपानी कार्टूनपट आणि चित्रकथा) आणि जुन्या व्हिडिओ गेमसाठी जाणार असाल, तर ते तिकीट मागून काढावं. ज्या दोन-तीन जागांसाठी एवढा खर्च करायचा, तिथे दारात तिकीट मिळतच नाही. कुठे लॉटरी आहे, कुठे महिन्यातल्या एकाच सकाळी विक्री सुरू होते. आम्ही २०२५ च्या दिवाळीनंतर गेलो, पण कामाला ऑगस्टमध्येच लागलो होतो. त्याच क्रमाने सगळं लिहितोय.

आधी हंगामाबद्दल. दोजिनशीची म्हणजे हौशी प्रकाशनांची सगळ्यात मोठी जत्रा, कॉमिकेट, ऑगस्टमध्ये आणि डिसेंबरअखेर भरते. त्यामुळे मधल्या महिन्यांत जाऊन काय करायचं, असं अनेकांना वाटतं. आमच्या मते नवख्यासाठी हेच महिने बरे. ऑगस्टचा घामटा संपलेला असतो आणि ऑक्टोबरमध्ये टीव्हीवर नव्या मालिकांचा हंगाम सुरू झालेला असतो, त्यामुळे दुकानांत त्यांचा माल नुकता लागलेला असतो. जत्राही भरतात, फक्त आटोक्यातल्या: ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तोक्योतल्या इकेबुकुरोचा हॅलोविन कॉस्प्ले (पात्रांची वेशभूषा) फेस्ट, त्याच सुमारास हौशी संगीतकारांचा एम-थ्री मेळा, ऑक्टोबरअखेर ते ३ नोव्हेंबरच्या आसपास जिंबोचोतला जुन्या पुस्तकांचा ‘कान्दा’ महोत्सव (कान्दा हे तिथल्या भागाचं नाव).

एक निवड मात्र करावी लागते. तोक्योत पानं खरी रंगतात ती नोव्हेंबरच्या शेवटी. त्यामुळे लालभडक मेपल आणि ऑक्टोबरअखेरच्या जत्रा एका फेरीत साधत नाहीत. फोटोंसाठी जायचं असेल तर नोव्हेंबरचे शेवटचे दहा दिवस घ्या. त्या सुमाराला कोमितिया हा फक्त स्वतःच्या मूळ कथांचा दोजिनशी मेळाही असतो. आम्ही जत्रा निवडल्या. त्या वर्षी भाऊबीज आटोपून निघता आलं, ही मोठी सोय.

ऑगस्टमधलं काम एकच होतं: निन्टेन्डो या व्हिडिओ गेम कंपनीच्या म्युझियमची लॉटरी. हे संग्रहालय क्योतोजवळ उजी शहरात आहे. कंपनी १८८९ मध्ये हानाफुदाचे, म्हणजे फुलांच्या चित्रांचे, पत्ते छापण्यापासून सुरू झाली. तिचे पत्ते बनवणारा ओगुरातला जुना कारखाना बदलून हे संग्रहालय उभारलं आणि २ ऑक्टोबर २०२४ रोजी उघडलं. ज्या महिन्यात जायचं त्याच्या तीन महिने आधीच्या महिन्यात अर्ज घेतात आणि पुढच्या महिन्याच्या १ तारखेला निकाल लावतात. म्हणजे नोव्हेंबरसाठी ऑगस्टमध्ये अर्ज आणि १ सप्टेंबरला निकाल. त्यासाठी निन्टेन्डोचं खातं लागतं, ते फुकट असतं आणि भारतातूनही उघडता येतं. पहिल्या दिवशी अर्ज केला म्हणून नंबर लागण्याची शक्यता वाढत नाही, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबूही नका. तारखा निवडताना शनिवार-रविवार आणि ३ नोव्हेंबरची सुट्टी टाळा. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. मोठ्यांचं तिकीट ३,३०० येन, १२ ते १७ वर्षांच्या मुलांचं २,२००. शंभर येनला साधारण ५८ रुपये असा तेव्हाचा भाव होता, म्हणजे मोठ्या माणसामागे एकोणीसशे रुपये. निकालानंतर ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत तर लागलेलं तिकीट जातं, म्हणून ती तारीख कॅलेंडरमध्ये गजर लावून ठेवा. आमच्याकडे निकाल आला तो गौरीपूजनाच्या दिवशी. घरात पुरणाचा घाट सुरू होता आणि इनबॉक्स दर पाच मिनिटांनी उघडला जात होता. लॉटरीत नाव नाही आलं तरी आशा सोडू नका. उरलेल्या जागा नंतर पहिल्या येणाऱ्याला मिळतात, आणि रद्द झालेले स्लॉटही अधूनमधून परत दिसतात.

दुसरी तारीख १० सप्टेंबर. तोक्योतल्या मिताकाच्या घिबली म्युझियमची (अ‍ॅनिमे चित्रपट बनवणाऱ्या घिबली स्टुडिओचं संग्रहालय) पुढच्या महिन्याची सगळी तिकिटं दर महिन्याच्या १० तारखेला जपानी वेळेनुसार सकाळी दहाला विक्रीला येतात. म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसहा. ऑक्टोबरअखेरच्या तारखेसाठी सप्टेंबरची १०, नोव्हेंबरसाठी ऑक्टोबरची १०. विक्री लॉसन या दुकानसाखळीच्या तिकीट संकेतस्थळावरून होते, इंग्रजी पान वेगळं आहे. तिकीट फक्त १,००० येनचं, तेरा ते अठरा वयासाठी ७००, त्याहून लहानांसाठी आणखी कमी. इतकं स्वस्त म्हणूनच झुंबड. दलाल हेच तिकीट फिरण्याच्या पॅकेजात बांधून अनेक पटींनी विकतात.

त्या सकाळी काय करायचं ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. सव्वासहापासून पान उघडून बसा. विक्री सुरू झाली की आभासी रांग लागते आणि ती तास-दोन तासही चालते. पान रिफ्रेश करू नका, रांगेतली जागा जाऊ शकते. आदल्या रात्री बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू आहेत का ते तपासा. आपल्याकडे बहुतेक कार्डांवर ते मुळात बंद असतात. मग रांग संपते, स्लॉट हाती येतो आणि पैसे भरताना व्यवहार नाकारला जातो. दुसरं कार्डही हाताशी ठेवा. ओटीपी येणारा फोन शेजारी असू द्या, कारण पैसे भरण्याचं पान फार वेळ थांबत नाही. नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा. नंतर ते बदलत नाही आणि दारात पासपोर्ट बघतात. पहिली वेळ मिळाली तर उत्तम. दिलेल्या वेळेपासून तासाभरात आत शिरायचं असतं, पण बाहेर पडण्याला बंधन नाही. म्हणून सकाळी शिरलेला माणूस दुपारपर्यंत रमू शकतो.

या दोन तारखा हातात आल्या की मगच विमान. मुंबईहून एक थांबा घेऊन जाऊन-येऊन पंचावन्न हजारांच्या आसपास पडलं. दिवाळीच्या सुट्टीमुळे त्याहून खाली येईना. तोक्योला उतरून ओसाकाहून परतलं तर क्योतोहून मागे यावं लागत नाही आणि बुलेट ट्रेनचं एक भाडं वाचतं. जेआर पासच्या, म्हणजे परदेशी पर्यटकांच्या रेल्वे पासच्या, फंदात पडू नका. ऑक्टोबर २०२३ पासून सात दिवसांचा साधा पास ५०,००० येनचा झालाय आणि तोक्यो ते क्योतो शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) तिकीट चौदा हजारांच्या आसपास आहे. एवढ्याशा फिरण्याला पास परवडत नाही.

मग व्हिसा. तो फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही, कारण एकदाच प्रवेश देणारा पर्यटक व्हिसा मिळाल्यापासून तीन महिनेच चालतो. एप्रिल २०२४ पासून भारतात राहणाऱ्यांना पासपोर्टवर चिकटवलेला कागद न देता ई-व्हिसा देतात, पण अर्ज व्हीएफएस या व्हिसा अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या केंद्रात वेळ घेऊनच करावा लागतो. आम्ही दिलेली कागदपत्रं अशी: फोटोसह भरलेला अर्ज, सहलीचा हेतू आणि खर्च कोण करणार हे सांगणारं पत्र, येण्याजाण्याचं आणि मुक्कामाचं आरक्षण, बँकेच्या शिक्क्यासह सहा महिन्यांचं खातेविवरण, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र आणि दिवसागणिक कार्यक्रमाचा तक्ता. या तक्त्याला हलक्यात घेऊ नका. तारीख, त्या दिवशी काय करणार, कुठे राहणार आणि तिथला संपर्क, एवढं एका ओळीत येतं. ‘तोक्योत भटकंती’ असं चार दिवस लिहिण्यापेक्षा ‘मिताका, घिबली म्युझियम’, ‘उजी, निन्टेन्डो म्युझियम’ असं लिहिलेलं बरं. तिकिटं आधीच हातात असल्यामुळे तेही सोपं झालं. हॉटेलच्या आरक्षणातल्या तारखा आणि तक्त्यातल्या तारखा एकमेकींशी जुळतात का, हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम आलेली दिसली तर शंका येते. पैसा आधीपासून खात्यात असू द्या.

व्हिसाचं शुल्क आणि केंद्राचा सेवाखर्च मिळून माणशी दीड हजाराच्या आत काम झालं. आठवडा-दीड आठवडा हातात ठेवा. नकार येईल अशी धाकधूक असते खरी, पण कागद सरळ असतील तर हा व्हिसा युरोपच्या मानाने खूपच कमी त्रासाचा आहे. ई-व्हिसाची एक खोच अशी: विमानतळावर तो फोनवर इंटरनेट जोडून, सरकारी संकेतस्थळ उघडून दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट, पीडीएफ, छापील प्रत यांपैकी काहीही चालत नाही. मुंबईच्या चेक-इनच्या रांगेत फोनची बॅटरी आणि डेटा दोन्ही शिल्लक हवेत. निघण्याआधी ‘व्हिजिट जपान वेब’वर माहिती भरली की इमिग्रेशन आणि कस्टम्स दोन्हींसाठी एकच क्यूआर कोड मिळतो.

नारिता या तोक्योच्या विमानतळावर उतरल्यावर पहिलं काम सुइका कार्ड, म्हणजे रेल्वेच्या गेटवर टेकवायचं पैसे भरलेलं कार्ड. भारतात घेतलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये ते चालत नाही, जपानी गेटला लागणारी सोय त्यात नसते. आयफोनमध्ये चालतं, पण भारतीय कार्डावरून त्यात पैसे भरताना अडचणी येतात. प्लास्टिकचं कार्ड घ्या आणि नोटा टाकून भरा. सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममधून आपल्या कार्डांवर येन मिळतात. रोख लागतेच, जत्रांत तर फारच.

राहायला आम्ही उएनो घेतलं. अ‍ॅनिमे आणि गेमच्या दुकानांचा अकिहाबारा भाग यामानोते या लोकल लाइनवर दोनच स्टेशनं, विमानतळाची गाडी थेट, आणि हॉस्टेलचा पलंग चार-पाच हजार येनला. अकिहाबारातच राहण्याचा मोह होतो. पण दुकानं रात्री आठच्या सुमारास बंद होऊ लागतात, आणि मग तिथे राहून वेगळं काही हाती लागत नाही.

इकेबुकुरोचा कॉस्प्ले फेस्ट २०१४ पासून भरतो. बघायला पैसे पडत नाहीत. स्वतः वेशभूषा करायची असेल तर नोंदणी आणि शुल्क आहे. जपानमधल्या कॉस्प्लेचा पाया असलेला नियम इथे कडक पाळतात: घरून किंवा हॉटेलातून पोशाख घालून यायचं नाही. ठरवून दिलेल्या खोलीत कपडे बदलायचे आणि जातानाही तिथेच. मुंबईच्या कन्व्हेन्शनला लोकलमधून पूर्ण मेकअपमध्ये येणाऱ्यांना हे पचायला वेळ लागतो. फोटो विचारूनच काढायचा. लोकप्रिय कॉस्प्लेअरसमोर छायाचित्रकारांची रांग असते, त्या रांगेत उभं राहायचं. समाजमाध्यमांवर टाकणार असाल तर तेही विचारायचं. नुसतं कॅमेऱ्याकडे बोट दाखवून मान तुकवली तरी पुरतं. याच काळात तोक्योतल्याच शिबुयात मात्र हॅलोविनसाठी जाऊ नका. तिथलं प्रशासन गर्दीला कंटाळलंय आणि ऑक्टोबर २०२४ पासून तिथे रात्री रस्त्यावर मद्यपानाला वर्षभर बंदी आहे.

एम-थ्री हा मेळा पर्यटकांच्या यादीत सहसा नसतो, आणि आमच्या मते याच फेरीतली ती सगळ्यात चांगली भेट. हामामात्सुचोहून मोनोरेल पकडून र्‍युत्सू सेंटरला उतरायचं. हौशी संगीतकार टेबल मांडून स्वतःच्या सीडी विकतात: गेमच्या चालींची नवी रूपं, व्होकलॉइडची म्हणजे संगणकी आवाजातली गाणी, ऑर्केस्ट्रा, काहीही. सूची विकत घेतली की तीच प्रवेशिका. एक सीडी साधारण हजार येन. शंभर आणि पाचशेची नाणी आणि हजाराच्या नोटा घेऊन जा. दहा हजाराची नोट पुढे केली की टेबलामागच्या माणसाचा चेहरा पडतो, कारण सुटे त्यालाही हवे असतात. टेबलावरची नमुना प्रत उचलण्याआधी ‘मिते मो ई देस का’ म्हणा, म्हणजे ‘बघू का?’ टेबलांचे फोटो न विचारता काढू नका. सीडी ऐकायला घरी ड्राइव्ह आहे का, हा प्रश्न तिथेच विचारलेला बरा. बरेच जण डाउनलोड कोडचं कार्डही विकतात.

आता अकिहाबारा. रविवारी जा. दुपारी एक वाजता मुख्य रस्ता चुओ-दोरी वाहनांना बंद होतो आणि ऑक्टोबर ते मार्च पाचपर्यंत, एरवी सहापर्यंत चालायला मोकळा असतो. नव्या फिगरचे, म्हणजे पात्रांच्या छोट्या पुतळ्यांचे, भाव आधी बघून ठेवा. एक-सप्तमांश आकाराची चांगली फिगर पंधरा ते पंचवीस हजार येनची असते. त्याच इमारतीत दोन मजले वर वापरलेली, पण खोका न उघडलेली तीच फिगर बरीच स्वस्त दिसते. वापरलेल्या मालाच्या चिठ्ठीवर खोक्याची आणि आतल्या वस्तूची प्रत वेगवेगळी लिहिलेली असते. फोनवरच्या भाषांतराने ती वाचा. खोका दबलेला म्हणून किंमत उतरली असेल आणि तुम्ही खोका ठेवणारच नसाल, तर तो सौदा तुमचाच. रेडिओ काइकान या दुकानांच्या इमारतीच्या वरच्या मजल्यांवर काचेची छोटी कपाटं भाड्याने दिलेली असतात. त्यातला माल खासगी लोकांचा, भाव ज्याचा त्याने ठरवलेला. एकाच वस्तूचे तीन कपाटांत तीन भाव दिसतात.

पंजाच्या यंत्रात शंभर येन टाकून बाहुली उचलण्याची मजा घ्या, पण ठराविक बाहुली हवीच असेल तर आधी शेजारच्या जुन्या मालाच्या दुकानात बघा. यंत्रातून जिंकलेल्या फिगर तिथे हजार-दोन हजार येनला पडलेल्या असतात. यंत्रावर दोन-तीन हजार घालवूनही बाहुली हलली नाही तर कर्मचाऱ्याला हाक मारा, तो बऱ्याचदा ती सोयीच्या जागी सरकवून देतो. गाचापोन म्हणजे गोळ्यात बंद खेळणं देणाऱ्या यंत्रांना शंभरचीच नाणी लागतात, सुटे करणारं यंत्र जवळच असतं.

घेऊ नये अशा वस्तूंबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. ब्लू-रे: जपान ए विभागात, भारत सी विभागात, त्यामुळे तिथली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर चालत नाही आणि इंग्रजी सबटायटल्सही बहुधा नसतात. डीव्हीडीचंही तेच, जपान दोन आणि भारत पाच. निन्टेन्डोच्या स्विच २ या गेमयंत्राचा जपानी संच, आम्ही गेलो तेव्हा ४९,९८० येनचा, स्वस्त वाटतो, पण तो फक्त जपानी भाषेत चालतो आणि त्याला जपान विभागाचंच खातं लागतं. जुन्या स्विचच्या गेमकार्डांना विभागाचं बंधन नाही, ती बिनधास्त घ्या. फक्त आत इंग्रजी आहे का ते बघून. निन्टेन्डोचं जुनं गेमयंत्र फामिकॉन दिसायला देखणं, पण त्याची मूळ जोडणी अँटेनाची आणि जपानी वाहिन्यांवरची, आपल्या टीव्हीवर चित्र मिळवणं डोकेदुखी. त्यानंतरचं सुपर फामिकॉन घ्या, त्याला पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांची केबल चालते. कार्ट्रिजमध्ये खेळ साठवणारी बटणसेल वीस-तीस वर्षांत मेलेली असते. विकत घेताना ‘सेव्ह होतं का’ हे विचारा. नसेल होत तर सेल बदलता येतो, पण तो डागणीने बसवलेला असतो.

नाकानो ब्रॉडवे हे जुन्या मालाच्या दुकानांचं संकुल दुपारी बारानंतरच. ही १९६६ ची इमारत, आणि मांदाराके हे आज सगळीकडे पसरलेलं दुकान इथेच १९८० मध्ये मांगाच्या एका छोट्या गाळ्यातून सुरू झालं. आज त्याचे अनेक गाळे इथे मजल्यामजल्यांवर विखुरलेत, एकात फक्त खेळणी, एकात फक्त जुने मांगा. बुधवारी बरेच गाळे बंद असतात. आमचा जास्त वेळ गेला तो सेलच्या गाळ्यात. संगणक येण्याआधी अ‍ॅनिमेची चित्रं पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्यांवर मागच्या बाजूने रंगवत. तेच मूळ पत्रे, म्हणजे सेल, इथे विकत मिळतात. टीव्ही मालिकेतल्या किरकोळ पात्राचा सेल काही हजार येनला मिळतो, नायकाचा समोरून चेहरा असेल तर किंमत कुठल्या कुठे. बघायचं काय? वरच्या कोपऱ्यात थराचं अक्षर आणि क्रमांक असतो. मागे पेन्सिलचं रेखाटन असेल तर सोन्याहून पिवळं, पण ते रंगाला चिकटलं असेल तर ओढून सोडवायचं नाही, रंग निघून येतो. नाकाजवळ धरून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे पत्रा विरघळायला लागलाय. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही प्रक्रिया आणखी वेगाने होते. असा सेल घेऊ नका, आणि चांगला सेलही हवाबंद पिशवीत कोंडू नका. पॉलिप्रॉपिलीनच्या उघड्या तोंडाच्या पाकिटात, सुक्या आणि गार जागी ठेवा.

करमाफीचं तेव्हाचं गणित असं: एका दुकानात एका दिवसात करपूर्व ५,००० येनच्या वर खरेदी केली आणि मूळ पासपोर्ट दाखवला की दहा टक्के कर लागतच नसे. पासपोर्टची झेरॉक्स चालत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून पद्धत बदलते आहे: दुकानात पूर्ण पैसे भरायचे, आणि निघताना विमानतळावर वस्तूंची कस्टम्स तपासणी झाल्यावर कर परत. तेव्हा त्या नोव्हेंबरपासून जाणाऱ्यांनी फिगर सामानाच्या तळाशी पुरू नयेत, आणि परतीच्या दिवशी तास-दीड तास जास्तीचा धरावा. कर माफ झालेला माल पोस्टाने वेगळा पाठवण्याची सवलतही एप्रिल २०२५ पासून गेली आहे. सोबतच न्यावा लागतो.

मिताकाचा दिवस. स्टेशनच्या दक्षिण दाराने पंधरा-वीस मिनिटं कालव्याकाठाने चालत जाता येतं. पण आम्ही किचिजोजीला उतरून इनोकाशिरा बागेतून जाण्याचा सल्ला देऊ, शरदात तरी नक्की. प्रवेशिका म्हणून खऱ्या चित्रफितीचा छोटा तुकडा देतात, त्यावर तळघरातल्या थिएटरात एक लघुपट दाखवतात, जो बाहेर कुठेच बघायला मिळत नाही. सबटायटल्स नाहीत, गरजही वाटत नाही. आत फोटोला पूर्ण बंदी. त्यामुळे लोक खरंच बघत असतात. गच्चीवरच्या यंत्रसैनिकाच्या पुतळ्यापाशी मात्र काढता येतो.

चिचिबु हे गाव ‘आनोहाना’ या २०११ च्या मालिकेमुळे चाहत्यांचं तीर्थ झालं. इकेबुकुरोहून सेइबूची लाव्ह्यू ही जलद गाडी सुमारे ऐंशी मिनिटांत पोचवते, भाडं आणि जलदचा अधिभार मिळून सतराशे-अठराशे येन. मालिकेत दिसणारं जोरिनजी हे देऊळ मुळात चिचिबुच्या चौतीस कान्नोन देवळांच्या यात्रेतलं सतरावं. आपल्या अष्टविनायकासारखी ही ठरलेल्या स्थानांची जुनी यात्रा, आणि तिच्या वाटेवर आता पाठीवर कीचेनी लटकवलेली पोरं चालतात. देवळात नवसाच्या लाकडी पाट्यांवर चाहत्यांनी पात्रांची चित्रं काढलेली आहेत, काही इतकी सुबक की थांबून बघावीत. जुना चिचिबु पूल १९३१ चा, आता फक्त पादचाऱ्यांसाठी. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गावात पानं नुकती पिवळी व्हायला लागतात, वर डोंगरात रंग पुढे गेलेला असतो. गल्ल्या लोकांच्या राहत्या घरांच्या आहेत. दारात उभं राहून दृश्य जुळवत बसू नका आणि खरेदी शक्यतो गावातल्या दुकानात करा.

जिंबोचो अकिहाबाराहून पायी वीस मिनिटांवर. १९६० पासून चालत आलेल्या महोत्सवात रस्त्याच्या कडेला मांडणीच मांडणी असते. जुनी अ‍ॅनिमे मासिकं आणि चित्रपटांची कार्यक्रमपत्रिका काहीशे येनला मिळतात. वजन लक्षात ठेवा, मासिकं लवकर जड होतात.

क्योतोला जाताना मोठी बॅग कुरियरने पुढे पाठवली, दुसऱ्या दिवशी हॉटेलात हजर. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर बॅग असेल तर शिनकानसेनमध्ये तिच्यासाठीची जागा आधी राखून ठेवावी लागते. ओगुरा स्टेशनपासून निन्टेन्डोचं संग्रहालय पाच मिनिटांवर. आत प्रत्येकाला दहा नाणी मिळतात, तीही आभासी, आणि सगळे खेळ खेळायला ती पुरत नाहीत. म्हणून आधी एक फेरी मारून बघा, मग खर्च करा. दुसऱ्या मजल्यावर १९६६ च्या अल्ट्रा हँडपासूनची सगळी उत्पादनं काचेआड मांडली आहेत, तिथे फोटो काढता येत नाहीत. हानाफुदा बनवायची कार्यशाळा करायची असेल तर पोचल्या पोचल्या तिथली वेळ विचारा.

शाकाहारींनी एवढंच ध्यानात ठेवावं की जपानी सारात बहुधा माशाचा दाशी म्हणजे अर्क असतो, भाजीच्या पदार्थातही. उमे (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबुची (समुद्री शेवाळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, हा रोजचा आधार. काही करी-दुकानांत वेगळी शाकाहारी करी मिळते.

मुंबईला उतरल्यावर कस्टम्स. आम्ही आलो तेव्हा परदेशातून परतणाऱ्या रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचा माल मोफत होता आणि त्यावरच्या किमतीला ३८.५ टक्के शुल्क. फेब्रुवारी २०२६ पासून मोफत मर्यादा ७५,००० झाली आहे. मर्यादा माणशी असते, दोघांची मिळून एका महागड्या वस्तूवर लावता येत नाही. बिलं जपानीत असतात, त्यामुळे वस्तूचं नाव आणि किंमत पेन्सिलने बिलावरच लिहून ठेवली की विचारल्यावर शोधाशोध होत नाही.

घरी आल्यावर सुपर फामिकॉन थेट बोर्डात लावू नका. जपानची वीज १०० व्होल्टची, आपली २३०. मूळ अ‍ॅडॅप्टर क्षणात जळतो. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत १०० वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मागा. दुसरा मार्ग म्हणजे १० व्होल्ट, ८५० मिलिअँपियर डीसीचा इथलाच अ‍ॅडॅप्टर. पण पिनेच्या मध्यभागी ऋण हवं. बाजारातले बहुतेक मध्यभागी धन असतात, म्हणून दुकानदाराला मीटर लावून दाखवायला सांगा.